वाढत्या अंगाची केबल: टेबल सरकवलं आणि डिस्प्लेपोर्टसाठी तीनदा बर्डीला जावं लागलं

आमच्या घरी सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची पद्धत आहे. शाळेचा शर्ट वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या पायाचे, कूलरला पाणी भरायचा पाइप दहा फूट लागत असला तर बाबा वीस फूट आणणार, वर "असू दे, कामात येते" हे ठरलेलं. याच संस्कारात मी एप्रिलमध्ये बर्डीवरून, म्हणजे आमच्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून, तीन मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल (पीसीचं चित्र मॉनिटरपर्यंत नेणारी) आणली आणि पुढचे पंधरा दिवस डोक्याला ताप करून घेतला. तर हा रिव्ह्यू त्या केबलचा, नंतर घेतलेल्या दोन मीटरवालीचा, मॉनिटरच्या डब्यात आलेल्या दीड मीटरवालीचा आणि थोडासा त्या दोन दुकानांचा पण. दुकानांची नावं टाकत नाही, एकाची बदनामी होईल आणि दुसऱ्याची जाहिरात.

आधी सेटअप सांगतो, नाहीतर लांबीचा हिशोब कळणार नाही. २७ इंची मॉनिटर, १४४०पी (म्हणजे २५६० बाय १४४० ठिपके), १८० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १८० चित्रं), मागे एक डिस्प्लेपोर्ट १.४ आणि दोन एचडीएमआय २.०, आरटीएक्स ४०६० चं ग्राफिक्स कार्ड, चार फुटी टेबल, उंची ७५ सेंटीमीटर, मॉनिटर आर्मवर लटकवलेला. पीसीचं कॅबिनेट आधी टेबलावरच होतं, मॉनिटरच्या उजव्या अंगाला खिडकीजवळ, आणि डब्यातली दीड मीटरची केबल त्याला पुरून उरायची, इतकी की मागे गुंडाळी करून टाय लावून ठेवली होती. वर्षभर काहीच त्रास नाही. केबल नावाची काही गोष्ट असते हेच मी विसरलो होतो, आणि माझ्या मते चांगल्या केबलची तीच खूण आहे.

मग कूलर लागला. नागपुरात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही पण बाहेरच्यांसाठी सांगतो, इकडे एप्रिलमध्ये खिडकीत लोखंडी कूलर बसतो, मागच्या जाळ्यांत खस नाहीतर वूड वूल भरतात, आतला पंप त्याच्यावर पाणी सोडत राहतो आणि तो ओला वारा पूर्ण ताकदीने खोलीत येतो. बाहेर ४३-४४ चालू असताना त्या वाऱ्यासमोर बसण्यासारखं सुख नाही, पण ते सुख माणसासाठी आहे, कॅबिनेटसाठी नाही. एक दिवस सकाळी उठून बघतो तर कॅबिनेटच्या काचेवर बारीक बारीक थेंब. आतल्या बाजूला होते की बाहेरच्या हे बघेपर्यंत माझा जीव वर-खाली होऊन गेला. बाहेरच्या होते. पण त्याच दिवशी कॅबिनेट उचललं, टेबलाच्या डाव्या बाजूला खाली ठेवलं, फरशीवर धूळ नको म्हणून आईचा जेवायचा जुना लाकडी पाट त्याच्याखाली सरकवला (आईने दोन दिवस पाट शोधला, मग सापडला, मग मला ऐकावं लागलं ते वेगळं).

आता दीड मीटरची केबल पोचत तर होती, पण कशी, तर दोन खांबांच्या मध्ये बांधलेल्या कपडे वाळवायच्या तारेसारखी. आर्म पुढे ओढला की मॉनिटर आपोआप डावीकडे तोंड फिरवायचा, रुसल्यासारखा. डिस्प्लेपोर्टच्या प्लगला बहुतेक वेळा दोन बारीक हुक असतात, ते पोर्टात अडकतात आणि वरचं बटण दाबल्याशिवाय सुटत नाहीत. एचडीएमआय ओढली तर निदान निघून तरी येते, डिस्प्लेपोर्ट निघत नाही, ती सगळा ताण पोर्टावर आणि कार्डावर काढते. म्हणून ताणलेली केबल नुसती वाईट दिसते एवढाच विषय नाही, एखाद दिवशी पोर्टच घेऊन बाहेर येईल. म्हटलं नवीन घेऊ.

पहिली फेरी. सुभाष नगरहून मेट्रोत बसलो, सीताबर्डी इंटरचेंजला उतरलो, एका मोठ्या दुकानात गेलो. बाबांना सहज फोन लावला की दोन मीटर घेऊ की तीन, तर अपेक्षेप्रमाणे "अरे तीनच घे नं, उद्या टेबल हलवलं तर, लांब असली तर कामात येते." दुकानवाल्याचं पण तेच, "भाऊ तीन मीटर ले जाओ, आठ-के है, सब चलेगा". पाकिटावर मोठ्या सोनेरी अक्षरात ८के, कापडी वेणीचं आवरण, पिना सोन्याच्या रंगाच्या, ४५० रुपये. हातात घेतल्यावर एकदम भारी वाटली. आता कळतं की ती वेणी आणि तो सोनेरी रंग हाच तिच्यातला सगळ्यात महागडा भाग असावा.

लावली. पहिला दिवस ठीक. दुसऱ्या दिवशी वॅलोरंट गेममध्ये, स्पाइक (म्हणजे त्यातला बॉम्ब) लावून झालेला, मी कोपऱ्यात बसून पावलं ऐकून राहिलो होतो आणि स्क्रीन काळी. आवाज चालू, हेडफोनमध्ये सगळं ऐकू येऊन राहिलं, दोन सेकंद पूर्ण अंधार, परत चित्र आलं तेव्हा मी मेलेला. मित्र म्हणे लाइट गेली का बे. लाइट नव्हती गेली. मग दिवसातून तीन-चार वेळा व्हायला लागलं. मी आधी ड्रायव्हर काढून परत टाकला, मग विंडोज अपडेटला शिव्या घातल्या, मग कार्ड तापतंय म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून बघितलं. केबलवर संशयच गेला नाही कारण केबल तर नवीन होती नं.

मग एक गोष्ट लक्षात आली. कूलरचा पंप त्याच बोर्डावर आहे ज्याच्यावर माझा स्पाइक गार्ड लागला आहे, आणि आई येता-जाता पंपाचं बटण चालू-बंद करत असते, वारा फार ओला झाला की बंद, कोरडा वाटला की चालू. मी आईला म्हटलं, आई जरा पंप बंद कर. स्क्रीन काळी. आता चालू कर. स्क्रीन जागेवर. परत बंद कर. काळी. आई म्हणे, "काय खेळ लावला आहे?" दहा वेळा केलं तर सहा-सात वेळा स्क्रीन गेली. मग जुनी दीड मीटरची केबल तशीच ताणून लावली आणि परत आईला दारात उभं केलं, दहापैकी एकदाही नाही. खोली तीच, पंप तोच, बोर्ड तोच, आमच्या घरच्या अर्थिंगची दशा पण तीच (तो वेगळा विषय, वायरमन येऊन गेला, पैसे पण घेऊन गेला). फरक फक्त केबलचा.

आता हे असं का होतं ते मी त्यानंतर बरंच वाचलं, माझ्या भाषेत सांगतो. डिस्प्लेपोर्टमध्ये चित्र तारांच्या चार जोड्यांतून जातं, त्यांना लेन म्हणतात. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये, म्हणजे २०१६ च्या स्टँडर्डमध्ये, एका लेनमधून सेकंदाला ८.१ गिगाबिट जातात, चार मिळून ३२.४, त्यातले २० टक्के कोडिंगमध्ये खर्च होतात, चित्रासाठी उरतात २५.९२. इतक्या वेगाचा सिग्नल तांब्यातून जाताना प्रत्येक सेंटीमीटरला थोडा थोडा दुबळा होतो, वेग जितका जास्त तितका जास्त दुबळा. म्हणून जी तीन मीटरची केबल ऑफिसच्या फुल एचडी ६० हर्ट्झच्या मॉनिटरला वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते तीच केबल १८० हर्ट्झला धापा टाकते, दुकानदार खोटं बोलत नसतो, त्याच्या काउंटरवरच्या मॉनिटरला ती चालूनच राहिली असते. त्यात तार बारीक असली तर अजून वाईट. तारेची जाडी एडब्ल्यूजी आकड्यात लिहितात आणि तो आकडा उलटा चालतो, २८ ची तार ०.३२ मिलिमीटरची आणि ३२ ची फक्त ०.२ ची. लांब केबल जाड तारेचीच पाहिजे, आणि स्वस्तात लांब केबल द्यायची म्हटलं की तारेतच मारतात, वेणीत नाही. माझ्या तीन मीटरवालीवर एडब्ल्यूजीचा आकडाच नव्हता, आवरणावर नुसतं हाय स्पीड लिहिलं होतं.

सिग्नल असा काठावर आला की बाहेरून थोडा जरी धक्का लागला, पंपाच्या मोटरचा म्हणा की बटण दाबताना उडणाऱ्या ठिणगीचा, की मॉनिटरला समोरचं काही कळत नाही, तो हात सोडून देतो आणि परत कार्डासोबत बोलणी सुरू करतो. ते दोन सेकंद म्हणजे ती बोलणी, त्याला लिंक ट्रेनिंग म्हणतात. आणि त्या बोलणीत कधी कधी दोघं मिळून ठरवतात की जाऊ दे, खालच्या वेगावर जमवू. हे माझ्यासोबत दोनदा झालं, पीसी रिस्टार्ट केला आणि सेटिंगमध्ये १८० हर्ट्झ गायब, यादी १४४ वरच संपली. हिशोब करून बघितला तर बरोबर बसतो: १४४०पी, १८० हर्ट्झ, २४ बिट रंग म्हणजे नुसत्या पिक्सेलचेच जवळजवळ १६ गिगाबिट, दोन फ्रेमच्या मधला रिकामा वेळ धरला की १८ च्या आसपास, आणि खालच्या वेगाची मर्यादा १७.२८. थोडक्यासाठी बसत नाही. १४४ आरामात बसतं. म्हणून तुमच्या मॉनिटरचा पूर्ण हर्ट्झ अचानक दिसेनासा झाला तर ड्रायव्हरला शिव्या घालायच्या आधी केबल बदलून बघा, फुकटची टेस्ट आहे, दोन मिनिटांची.

दुसरी फेरी. केबल परत द्यायला गेलो तर त्या दुकानात "पाकिट खोललं भाऊ, आता नाही होणार". चालत्या मॉनिटरला लावून दाखवली, चित्र आलं, तो म्हणे चालून तर राहिली. त्याचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा. वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि ऊन असं की भांडायची पण ताकद नाही, रसवंतीत जाऊन दोन ग्लास रस प्यालो तेव्हा जिवात जीव आला. तिथून दोन गल्ल्या आत एक छोटं दुकान आहे, काउंटरच्या मागे माणूस बसला तर ग्राहकाने बाहेरच उभं राहायचं इतकं छोटं. साठीचे काका, चष्मा कपाळावर. मी म्हटलं चांगली डिस्प्लेपोर्ट पाहिजे, तीन मीटर. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मोजलं का?"

मी म्हटलं अंदाजे. "अंदाज कायले करता भाऊ, मोजायचं साधं काम आहे." आणि ड्रॉवरमधून पार्सल बांधायची सुतळी काढली, तीनेक मीटर तोडून माझ्या हातात दिली. "घरी जा, मॉनिटरच्या पोर्टापासून कार्डाच्या पोर्टापर्यंत जशी केबल जाणार तशीच लावा. सरळ नाही, जशी जाणार तशी. गाठ मारा. मग या." केबल विकली नाही. गिऱ्हाईक दारात उभं असताना सुतळी देऊन परत पाठवणारा दुकानदार मी बर्डीवर पहिल्यांदा बघितला.

घरी सुतळी लावली, आणि इथे मला खरं शिकायला मिळालं म्हणून जरा सावकाश सांगतो. मॉनिटरचा पोर्ट खाली तोंड करून असतो, तिथून सुरुवात. आधी आर्म पूर्ण पुढे ओढला, मॉनिटर खाली केला, डावीकडे वळवला, म्हणजे केबलला जास्तीत जास्त लागेल अशी पोझिशन. लोक इथेच चुकतात, आर्म मागे भिंतीला टेकलेला असताना मोजतात. मग सुतळी आर्मच्या कोपराच्या आतून घेतली, कोपराला छोटा झोल ठेवला कारण तिथे आर्म घडी होतो. पोर्टापासून टेबलाच्या मागच्या काठापर्यंत ७० सेंटीमीटर. मग टेबलाखालच्या ट्रेमधून आडवी ५५. मग ट्रेपासून खाली कार्डाच्या पोर्टापर्यंत, टेबल ७५ चं, पाटावर ठेवलेल्या कॅबिनेटमध्ये कार्डाचा पोर्ट जमिनीपासून साधारण ३०, म्हणजे खाली उतरायला ४५. कार्डाजवळ केबल एकदम काटकोनात मोडायची नाही, गोल वळण द्यायचं, त्याचे १० धरले. झाले १८०. गाठ मारली. मग सहज डोक्यात आलं म्हणून कॅबिनेटच्या जुन्या जागेपर्यंत पण सुतळी लावली, कारण कूलर काही बारा महिने राहत नाही. तिथे ९५ भरली, त्यावर दुसरी गाठ.

१८० म्हणजे दोन मीटर. म्हणजे मी ज्या तीनसाठी हट्ट करत होतो त्यातला जवळजवळ सव्वा मीटर नुसता ट्रेमध्ये वेटोळं घालून बसणार होता, आणि सिग्नल मात्र ते वेटोळं पूर्ण चालून येणार.

उंची कमी-जास्त होणारं टेबल असेल, ते मोटरवालं, तर ही सुतळी टेबल पूर्ण वर नेऊन लावा, कॅबिनेट खाली असेल तर तिथेच अर्धा मीटर एकदम वाढतो. आणि कॅबिनेट टेबलावरच असेल तर दीड मीटर बहुतेकांना पुरते, डब्यातली केबल फेकू नका, मॉनिटर कंपनीने त्या मॉनिटरसोबत तीच दिलेली असते, ती वाईट असायचं कारण कमी.

तिसरी फेरी. काकांना सुतळी दाखवली, त्यांनी काउंटरला खिळे ठोकलेल्या खुणांवर धरून बघितली (त्यांनी काउंटरच्या काठावर एक, दीड, दोन, तीन मीटरच्या खुणा करून ठेवल्या आहेत, कापडाच्या दुकानात असतात तशा) आणि दोन मीटरची काढली. पाकिटावर डीपी८के सर्टिफाइडची खूण. इथे एक समजून घ्या, दुकानात १.२ ची केबल, १.४ ची केबल असं सर्रास बोलतात, मी पण बोलायचो, पण व्हेसा म्हणजे ज्यांचं हे स्टँडर्ड आहे ते केबलला आवृत्तीचा नंबर देत नाहीत, केबल किती वेग झेलते त्यावरून सर्टिफिकेट देतात. साधी केबल, मग डीपी८के, मग नव्या डिस्प्लेपोर्ट २.१ साठी डीपी४० आणि डीपी८०. पाकिटावर नुसतं ८के लिहिलेलं आणि डीपी८के सर्टिफाइड लिहिलेलं यात तितकाच फरक आहे जितका "शुद्ध देशी तुपातलं" पाटीवर लिहिण्यात आणि तुपात तळण्यात.

किंमत १,१०० रुपये. दुपटीपेक्षा जास्त, आणि एक मीटर कमी. बाबांना सांगितलं तर ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे जेवढी आखूड तेवढी महाग?" मी समजावायचा प्रयत्न केला, सोडून दिला.

काकांनी अजून एक तपासून दिलं. डिस्प्लेपोर्टमध्ये विसावी पिन असते, तिच्यात ३.३ व्होल्टचा पुरवठा असतो, आणि नियम असा की मॉनिटर-पीसीच्या साध्या केबलमध्ये ती पिन इकडून तिकडे जोडलेली नको. स्वस्त केबलींमध्ये कधी कधी जोडून टाकतात, मग मॉनिटरमधून उलटा करंट कार्डात येतो आणि पीसी चालू व्हायला नखरे करतो. काकांनी मल्टिमीटरचं एक टोक इकडे, एक तिकडे लावलं, आवाज नाही आला, म्हणजे जोडलेली नाही, म्हणजे बरोबर. मी पिशवीतून ४५० वाली काढून दिली. लावली, टूं वाजलं. काका काही बोलले नाहीत, चष्मा कपाळावर ढकलला फक्त.

दोन मीटरवाली आता पाच आठवडे चालू आहे. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) पण निघाला तिच्यावर, दुपारी दोन वाजता कूलर फुल, पंप चालू-बंद, आईला मुद्दाम परत दारात उभं करून टेस्ट घेतली, वीस वेळा, एकदाही स्क्रीन गेली नाही. १८० हर्ट्झ जागेवर. तक्रार एकच, केबल जाड आहे आणि कडक आहे. आर्मच्या क्लिपमध्ये बसवताना अंगठा दुखला, आणि पहिले दोन दिवस ती सरळ राहायलाच तयार नव्हती, पाकिटातल्या गुंडाळीचा आकार धरून बसलेली. हलका आर्म असेल तर जाड केबलच्या वजनाने मॉनिटर थोडा तिरपा होऊ शकतो, आर्मचा स्क्रू आवळून घ्या. आणि कॅबिनेट भिंतीपासून निदान चार बोटं लांब ठेवा, अशी केबल भिंतीला चेपली की वळण थेट पोर्टाजवळ पडतं.

एक गैरसमज पण काढून टाकतो कारण आमच्या गँगमध्ये यावर रात्री दोनपर्यंत वाद झाला. एक जण ठामपणे म्हणे की लांब केबलने इनपुट लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून स्क्रीनवर दिसेपर्यंतचा उशीर, वाढतो, प्रो लोक म्हणून एक मीटरची वापरतात. अबे, तारेतला सिग्नल एक मीटर जायला साधारण ५ नॅनोसेकंद घेतो. १८० हर्ट्झवर एक फ्रेम साडेपाच मिलिसेकंद राहते, म्हणजे ५५ लाख नॅनोसेकंद. एका मीटरने तुझं हेडशॉट चुकत नाही, तुझा एम, म्हणजे नेम, चुकतो. लांबीचा त्रास उशिराचा नाहीच, सिग्नल खराब होण्याचा आहे, आणि तो झाला की हळूहळू नाही होत, एकतर चित्र पूर्ण येतं नाहीतर ठिपके, झटके, अंधार.

एचडीएमआयवाल्यांसाठी थोडं. माझ्या मॉनिटरची एचडीएमआय २.० आहे, १८ गिगाबिटची, त्यावर १४४०पी ला १४४ च मिळतं, म्हणून मी तिकडे गेलोच नाही. पण मामेभावाकडे पीएस५ (गेमिंग कन्सोल) आहे, टीव्हीला ४के १२० पाहिजे, तर तिथे एचडीएमआय २.१ लागते, ४८ गिगाबिटवाली, आणि केबलवर अल्ट्रा हाय स्पीड हे तीन शब्द आणि क्यूआरचं स्टिकर पाहिजे, ते स्टिकर एचडीएमआयच्या ॲपमधून स्कॅन करून खरं-खोटं कळतं. प्रीमियम हाय स्पीड लिहिलेली भारी वाटते पण ती १८ चीच आहे, नावावर जाऊ नका. साध्या तांब्याच्या केबलीत ४८ साठी मी तीन मीटरच्या पुढे जाणार नाही. मामेभावाला हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दहा मीटर पाहिजे होती, त्याने ऑप्टिकल फायबरवाली घेतली, ती एकाच दिशेने चालते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेलं असतं. त्याने आधी ती केसिंग पट्टीतून पूर्ण भिंतभर ओढली, पट्टीची झाकणं बसवली, आणि मग कळलं की उलटी टाकली. भिंतीत घालायच्या आधी जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा बाबांनो.

आणि ज्यांच्याकडे आरटीएक्स ५० सिरीजचं कार्ड आहे आणि डिस्प्लेपोर्ट २.१ च्या पूर्ण ८० गिगाबिटवाला मॉनिटर घ्यायचा विचार आहे, त्यांनी तर टेबलाची मांडणी आधी करा आणि खर्च नंतर. त्या वेगाला साधी डीपी८० केबल एक मीटरच्या आसपासच मिळते, म्हणजे कॅबिनेट टेबलावर, मॉनिटरच्या शेजारी, विषय संपला. व्हेसाने २०२५ च्या जानेवारीत डीपी८०एलएल नावाच्या ॲक्टिव्ह केबली जाहीर केल्या, त्या तीन मीटरपर्यंत जातात, पण बर्डीवर काकांकडे विचारलं तर त्यांनी अजून बघितलेली नाही.

मार्क द्यायचे तर डब्यातल्या दीड मीटरला पाचपैकी चार, एक फक्त लांबीसाठी कापला आणि त्यात तिची चूक नाही. दोन मीटर डीपी८के ला साडेचार, अर्धा अंगठ्यासाठी. ४५० वाल्या तीन मीटरला पाचपैकी शून्य देणार होतो, पण बाबांनी ती परवा कूलरच्या पाण्याचा पाइप खिडकीच्या गजाला बांधायला वापरली, वेणीची आहे म्हणून गाठ सुटत नाही म्हणे, त्यामुळे एक. मोठ्या दुकानाला परत जाणार नाही. काकांच्या दुकानाला पूर्ण पाच, फक्त दुपारी एक ते चार जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं आणि ते आत झोपलेले असतात.

पाऊस लागला की कूलर निघेल, कॅबिनेट परत टेबलावर जाईल, आई पाट घेऊन जाईल. सुतळीवरची ९५ ची गाठ अजून तशीच आहे, तेव्हा दीड मीटरवाली परत लावणार आणि दोन मीटरवाली पुढच्या एप्रिलपर्यंत कूलरच्या जाळ्यांसोबत माळ्यावर.